मिरजेचा तंबोरा : पैसा कशाचा?

मंडळी, मिरज जंक्शनावर तुमच्यापैकी पुष्कळजण उतरले असतील. कुणी दवाखान्यासाठी, कुणी पंढरीची गाडी धरायला. एके काळी इथून बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी पंढरपुराकडे जायची. आता तो मार्ग रुंद झाला आहे. पण स्टेशनाबाहेर पडून सतारमेकर गल्लीपर्यंत कधी गेलात का? पुढच्या खेपेला जरूर जा. आपल्यासारख्याच शेतकऱ्याच्या रानात पिकलेल्या भोपळ्याचे तिथे काय होते, ते एकदा डोळ्यांनी पाहण्यासारखे आहे.

आम्ही गेलो ते कामासाठी. नात सहा वर्षे गाणे शिकते आहे. आजवर फोनमधल्या तंबोऱ्यावर तिचा रियाज चालला. यंदा तिच्या बाई म्हणाल्या, "आता खरा तंबोरा घ्या." मुलगा म्हणाला, "फोनवर फुकट वाजतोय की! ठिबकच्या नळ्या बदलायच्यात. तो पैसा यात कशाला घालायचा?" त्याचेही खोटे नव्हते. बेदाणा विकून हाती आले ते मोजकेच. म्हटले, आधी वस्तू बघू, मग ठरवू.

गल्लीत शिरलात की दोन्ही अंगांना दुकाने लागतात. आढ्याला टांगलेले भोपळे, जमिनीवर लाकडाचा भुसा, कोपऱ्यात शिजत ठेवलेला सरस. सप्ताहात आपण सात दिवस गळ्यातून खाली ठेवत नाही ती वीणाही इथे होते. हा धंदा इथे रुजला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास. फरीदसाहेब नावाचे कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारे घडवणारे. इंग्रजी अंमलात तलवारीला गिऱ्हाईक उरले नाही. मिरज संस्थानात गवई येत, त्यांची वाद्ये दुरुस्त करता करता या मंडळींनी नवी घडवायला घेतली. त्यांचे वंशज आजही हेच काम करतात. पुढे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले. वाद्याची जवारी काढण्यात ते स्वतः वाकबगार होते. १९३७ साली ते वारले. त्यांची कबर इथल्या दर्ग्यात आहे आणि त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी तिथे गाणे होते. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

आता किंमत. कारागिराने आकडा सांगितला, तो पाच आकडी होता. मुलाने माझ्याकडे पाहिले. मी सवयीने म्हणालो, "काही कमी करा."

तो काही बोलला नाही. "काका, आत या," एवढेच म्हणाला आणि आम्हाला मागच्या खोलीत घेऊन गेला.

तिथे भोपळ्यांची रास होती. हा आपला खायचा भोपळा नव्हे, कडू भोपळा. गुरेही तोंड लावणार नाहीत. तो येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमेच्या काठच्या शेतांतून. भोपळा वेलावरच पुरता पिकू द्यायचा, मग महिनोन्‌महिने वाळवायचा. त्यातही साल जाड हवी, आकार सारखा हवा. गिटारीचे पोट पातळ लाकूड वाकवून, चिकटवून करतात. तंबोऱ्याचे पोट वेलावर धरते. परीक्षेत भोपळा मिळाला की पोराला बोलणी बसतात, पण इथे भोपळ्यावाचून गाणेच उभे राहत नाही!

हा भोपळा पाण्यात भिजवून मऊ करतात, तोंड कापून आतला गर काढतात, काड्यांचा ताण देऊन पुन्हा वाळवतात. त्यावर तुणीच्या लाकडाचा गळा, पोकळ दांडी आणि पातळ तबली बसते. मग घासणे, लाखेचे रोगण, खुंट्या, तारा. यात घाई चालत नाही. ओले लाकूड किंवा कच्चा भोपळा वापरला, तर पुढे तडा जातो.

सगळ्यांत शेवटी जवारी. तारा ज्या घोडीवर टेकतात, तिचा माथा कानशीने अगदी हलका उतार देऊन घासायचा आणि तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा. दोरा नेमक्या जागी आला की मघाशी ठणठण करणारी तार एकदम गुंजू लागते. हे मापाने होत नाही, कानानेच होते. तो माणूस घासायचा, तार छेडायचा, मान हलवायचा, पुन्हा घासायचा. एका घोडीपाशी आमच्यादेखत तास गेला.

मला माझीच लाज वाटली. बेदाण्याच्या सौद्यात व्यापारी मूठभर माल हातात घेऊन दर पाडतो, तेव्हा आपण काय म्हणतो? "छाटणीपासून शेडपर्यंतचे कष्ट याने कुठे पाहिलेत!" आणि इथे मी काहीही न पाहता "कमी करा" म्हणून मोकळा झालो होतो.

तरी कष्ट आहेत म्हणून वस्तू घ्यावी, असे मी म्हणणार नाही. ती आपल्या उपयोगाची हवी. म्हणून नातीला दोन्ही ऐकायला लावले. आधी फोन, मग तंबोरा. ती तंबोरा मांडीशी घेऊन बसली. प सा सा सा, चारच तारा. खुंट्या पिळून, मणके सरकवून तिने त्या स्वतः लावल्या. थोड्या वेळाने म्हणाली, "आजोबा, कुणी न छेडताच यातून गंधार ऐकू येतोय." कारागीर हसला. खर्जाची तार नीट लागली की तो स्वर आपोआप उमटतो. आणि ती नीट लागली का, हे फोन तुम्हाला ओळखायला लावत नाही. तो स्वर तयारच देतो. तंबोरा रोज आधी स्वतः लावावा लागतो, आणि कान तयार होतो तो त्यातच. बाईंचे म्हणणे तेव्हा मला कळले.

मुलाने मुकाट्याने खिशात हात घातला. आम्ही विसार देऊन आलो. नळ्यांपैकी निम्म्या यंदा बदलू, निम्म्या पुढच्या साली. तंबोरा साधा निवडला, वेलबुट्टीवाचून. नक्षीचा पैसा डोळ्यांसाठी, जवारीचा कानासाठी.

तुमच्या घरी कुणी गाणारे असेल, तर माझ्या अनुभवाचे चार शब्द सांगतो. मूल नुकते शिकू लागले असेल, तर फोन किंवा पेटी पुरे. तंबोऱ्याची घाई करू नका. रोज बसणारे कुणी नसेल, तर तो मुळीच घेऊ नका. कोपऱ्यात उभा राहिलेला तंबोरा फुकट मिळाला तरी महाग. घ्यायचाच तर ज्याला गाता येते त्याला बरोबर न्या आणि चकाकी न पाहता कानाने निवडा. आणि आजोबा-पणजोबांचा जुना तंबोरा माळ्यावर पडला असेल, तर मोडीत देऊ नका. भोपळा फुटला तर नवा बसतो, जवारी पुन्हा काढता येते, तारा बदलता येतात. फोन चार-पाच वर्षांत बदलावा लागतो. जपलेला तंबोरा नातवंडांनाही पुरतो.

आणि भाव विचारण्याआधी एकदा मागच्या खोलीत जाऊन या. आपल्या मालाचा भाव करणाऱ्याने आपल्या रानात यावे, असे आपल्यालाही वाटतेच ना?