सालीखालचा मुद्रक

२०२२च्या जूनमध्ये जर्मनीत भाच्याकडे गेलो असता त्याने हार्त्स पर्वतातल्या ब्रोकेन शिखरावर नेले. ग्योथेच्या 'फाउस्ट'मधला चेटकिणींचा मेळा याच शिखरावर भरतो, एवढ्या पुस्तकी भांडवलावर मी वाफेच्या गाडीत बसलो होतो. अपेक्षा घनदाट अरण्याची; खिडकीबाहेर मात्र उतारामागून उतार वठलेल्या स्प्रूसच्या करड्या सांगाड्यांचे.

उतरताना पायी निघालो. एका खोडाची साल गळून पडली होती. भाच्याने ती उलटून हातात दिली. आतून एक उभी रेघ, तिच्या दोन्ही अंगांना दाट आडव्या रेघा. अनोळखी लिपीतले पानच जणू! ते कोरणारा भुंगेरा जेमतेम पाच मिलिमीटरचा. लिनियसने १७५८ मध्ये त्याला 'टायपोग्राफस' म्हटले. जर्मन लोक त्याला 'बुखड्रुकर', म्हणजे पुस्तके छापणारा, म्हणतात.

माझे वडील छापखान्यात जुळारी होते. उलटी अक्षरे मी त्यांच्या खिळ्यांच्या केसजवळ वाचायला शिकलो, सुलटी नंतर शाळेत. ती सालही नकळत वाचू लागलो. उभी रेघ मादीची; तिच्या कडांना तिने अंडी घातलेली. त्यांतून निघालेली प्रत्येक अळी आडवी पोखरत जाते, वाढते तशी रेघ रुंदावते आणि कोषापाशी थांबते. सुंदर होते ते, हे कबूल केले पाहिजे. आणि नेमके याच थरातून झाडाचे अन्न मुळांकडे जाते.

अध्यापकी सवयीने रूपक लगेच सुचले: भाषेला पोखरणारी कीड वगैरे. (समीक्षकांना भुंगेरे म्हणण्याचा मोह तेवढा आवरला.) बोलूनही दाखवले. भाचा म्हणाला, "मामा, हा इथला जुनाच रहिवासी. सशक्त झाड त्याला राळेत बुडवून मारतं. २०१८पासून लागोपाठ दुष्काळ पडले, राळ तयार करायला झाडांत पाणीच उरलं नाही. त्यात खाणींच्या लाकडासाठी माणसांनी जिथे तिथे, पार खालच्या उतारांवरही, हा एकच वृक्ष लावत नेलेला."

मी गप्प झालो. वडिलांचा छापखाना बंद पडला तेव्हा संगणकाला दोष देणारा एक आवेशपूर्ण लेख मी लिहिला होता. वडिलांनी तो वाचून फक्त मुद्रणदोष दाखवले. मालकाने वर्षानुवर्षे यंत्रांची डागडुजी केली नव्हती, सारा डोलारा पाठ्यपुस्तकांच्या एकाच कामावर उभा ठेवला होता, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी ते मला सांगितले नाही. मीही विचारले नाही.

सांगाड्यांच्या बुंध्याशी रोवनची कोवळी रोपे आली होती. त्यांच्या शेजारी ती साल मी होती तशी ठेवली, अक्षरे खाली करून.