रिकाम्या उत्तराचा अर्थ

एआय एजंटला आपण जोडलेल्या टूलचा कोड दिसत नाही. त्याच्यासमोर टूलचं नाव असतं, खाली चार-सहा ओळींचं वर्णन असतं आणि कोणती माहिती कुठल्या रूपात द्यायची याची यादी असते. विचारलेल्या प्रश्नाला हे टूल कामाचं आहे का, हे त्याला तेवढ्यावरच ठरवायचं असतं. ओपनएआयने जून २०२३मध्ये 'फंक्शन कॉलिंग' आणलं, अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४मध्ये 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' खुला केला आणि टूल जोडायची रीत पुष्कळशी ठरून गेली. वर्णनात काय लिहायचं, हे मात्र कुठलाच प्रोटोकॉल सांगत नाही.

बाजार समित्यांमधले शेतमालाचे दर सांगणारं टूल घ्या. 'बाजारभाव देतं' एवढं लिहिलं तरी ते चालतं. लासलगावला कांदा काय चाललाय, असं कोणी विचारलं की एजंटमागचं मॉडेल टूल वापरतं, आकडा येतो, उत्तर जातं. पण तो आकडा क्विंटलचा आणि विचारणारा कदाचित किलोच्या हिशेबात. शिवाय दर तीन येतात: किमान, कमाल आणि सर्वसाधारण. कमाल दर उत्तम मालाच्या एखाद्या वक्कलालाच, म्हणजे लॉटलाच, मिळालेला असू शकतो. तेवढाच सांगितला तर शेतकऱ्याचा अंदाज चुकतो. लासलगाव, लासलगाव-विंचूर आणि लासलगाव-निफाड या नोंदी वेगवेगळ्या. लाल कांद्याचा दर उन्हाळ कांद्याला लावून चालत नाही, कारण लाल फार टिकत नाही आणि उन्हाळ कांदाचाळीत महिनोन्‌महिने राहतो. हे सगळं वर्णनात यायला हवं. ते लिहायला फार विचार लागत नाही, बाजार माहीत असावा लागतो.

अशी वर्णनं लिहिताना मला सगळ्यात जास्त वेळ लागतो तो रिकाम्या उत्तरापाशी. एखाद्या दिवसाचा दर मागितला आणि टूलने रिकामी यादी परत केली, तर त्याचा अर्थ काय? सुट्टी असेल, लिलाव बंद असतील, माल येऊनही नोंद चढायची राहिली असेल. वर्णन याबद्दल गप्प राहिलं, तर मॉडेल स्वतःच काहीतरी अर्थ लावतं: 'आज आवक नाही' असं ठामपणे सांगतं, नाहीतर कालचा दर आजचा म्हणून देतं. म्हणून मी लिहितो: 'यादी रिकामी असल्यास या तारखेची नोंद उपलब्ध नाही एवढाच अर्थ घ्यावा. आवक किंवा दर शून्य मानू नये. आधीच्या दिवसाचा दर दिल्यास त्याची तारीख सांगावी.' टूलनेच रिकाम्या यादीसोबत कारण पाठवावं, हे अधिक चांगलं. पण कारण दर वेळी टूललाही ठाऊक नसतं, त्यामुळे या ओळी मी काढत नाही.

मॉडेलं आता इतकी हुशार झाली आहेत की एवढं लिहायची गरज नाही, असं काही सहकारी म्हणतात. मला ते पटत नाही. कांदा म्हणजे काय, क्विंटलमध्ये १०० किलो असतात, हे मॉडेलला येतं. ते मी लिहीत नाही, कारण जोडलेल्या प्रत्येक टूलचं वर्णन सहसा प्रत्येक प्रश्नाबरोबर जातं आणि जागा खातं. पण माझ्या माहितीसाठ्यात नोंदी केव्हा चढतात, कुठल्या बाजाराच्या उशिरा येतात, हे कितीही हुशारीने ओळखता येणार नाही. ते टूल बांधणाऱ्यालाच ठाऊक असतं. वर्णनाची जागा मी त्यासाठीच राखतो.

वर्णन जमलं की नाही, हे नुसतं वाचून कळत नाही. लोक विचारतात तसे प्रश्न टाकायचे – 'काल उन्हाळ काय गेला?' – आणि मॉडेलने टूलला नेमकं काय पाठवलं ते लॉगमध्ये बघायचं. त्याहून महत्त्वाचे ते प्रश्न, ज्यांचं उत्तर या टूलकडे नाही. पुढच्या आठवड्यात भाव वाढेल का? वर्णनात मर्यादा नसेल, तर मॉडेल मागचे दर मागवतं, चढ दिसला की वाढेल म्हणून सांगतं आणि आकडे जोडल्यामुळे ते उत्तर भरवशाचं वाटतं. म्हणून 'यात फक्त झालेल्या लिलावांचे दर आहेत, पुढच्या भावाचा अंदाज यावरून देऊ नये' हे वाक्य मी शेवटी न ठेवता दुसऱ्याच ओळीत घालतो. चाळीतला कांदा आज काढायचा की ठेवायचा, हे कोणीतरी त्या उत्तरावर ठरवणार असतं.