स्टॉकहोम येथील बुडालेलें जहाज

गेल्या ज्येष्ठांत पुतण्याच्या आग्रहावरून मी व सौ. स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथें पंधरा दिवस राहून आलों. भूगोल शिकवितांना या नगराचें नांव मीं नकाशावर छडीनें कितीदां तरी दाखविलें होतें; परंतु तें प्रत्यक्ष पाहण्याचा योग साठी उलटल्यावर येईल, असें कधीं मनांत आलें नव्हतें. तेथें पुष्कळ कांहीं पाहिलें. त्यांतील एकच गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी आहे. तत्पूर्वीं नगराचा थोडासा परिचय करून देतों.

मॅलारेन नांवाचें गोड्या पाण्याचें विस्तीर्ण सरोवर ज्या ठिकाणीं बाल्टिक समुद्रास मिळतें, तेथें चौदा बेटांवर हें नगर पसरलें आहे. कोठेंही जा, चार पावलांवर पाणी आणि पाण्यावर पूल. मधल्या बेटावर ‘गाम्ला स्तान’ म्हणजे जुनें गांव आहे. तेथें राजवाडा, पिवळ्या-तांबड्या रंगाचीं उंच घरें आणि दगडी फरसबंदीचे बोळ आहेत. त्यांतील एक बोळ तर इतका अरुंद कीं, एके ठिकाणीं त्याची रुंदी अवघी ९० सेंटिमीटर भरते. आम्ही दोघें एकामागून एक त्याच्या ३६ पायऱ्या चढून वर गेलों.

नित्यकर्म पाळणाऱ्या मनुष्यास तेथील ज्येष्ठाचा सूर्य मोठा पेंच घालतो. तो रात्रीं दहाच्या सुमारास मावळतो व पहाटे साडेतीनला पुन्हा हजर होतो. मधल्या वेळींही पुरता अंधार म्हणून पडत नाहीं. पहिल्या दिवशीं सायंसंध्येसाठीं पळी-पंचपात्र घेऊन मी खिडकीपाशीं बसलों, तो जेवणाची वेळ टळून गेली. शेवटीं पुतण्या म्हणाला, “काका, इथें सूर्याची वाट पाहूं नका, घड्याळाची पाहा.” सौ.ची मात्र तेथें एका पावाशीं मैत्री जमली. दालचिनीचा जो गोड पाव तेथें कॉफीबरोबर खातात, त्याच्या पिठांत वेलदोडा घालतात. पहिला घांस घेतांच ती म्हणाली, “अहो, हा तर आपल्या घरचा वास!” पैसे देतांना मात्र आमची फजिती होई, पुष्कळ दुकानांत नोटा व नाणीं घेतच नाहींत, पुतण्याचें कार्ड पुढें करावें लागे.

चौथ्या दिवशीं स्लुसेनच्या धक्क्यावरून बोटीनें आम्ही यूरगोर्देन नांवाच्या हिरव्यागार बेटावर गेलों. तेथें ‘वासा’ या युद्धनौकेचें संग्रहालय आहे. मूळ जहाजाच्या डोलकाठ्या केवढ्या उंच होत्या हें कळावें, म्हणून छपरावर तशा डोलकाठ्या उभारल्या आहेत. आंत शिरतांच मंद प्रकाश व गारवा. आणि त्या अंधुकांत ६९ मीटर लांबीचें काळसर लांकडी जहाज समोर उभें राहतें. सिंह, राजे, योद्धे यांच्या कोरीव मूर्तींनीं त्याची पिछाडी भरून गेली आहे. तें वैभव पाहून मी म्हणालों, “यानें पुष्कळ युद्धें जिंकलीं असतील!” पुतण्या हंसून म्हणाला, “काका, हें जहाज एक मैलसुद्धां गेलें नाहीं.”

ती हकीकत अशी. राजा दुसरा गुस्ताव्ह अडॉल्फ याचें पोलंडशीं युद्ध चालू होतें. त्यानें तोफांचे दोन मजले व एकूण ६४ तोफा असलेलें हें जहाज बांधविलें. मुख्य कारागीर हेन्रिक हिबर्टसन काम पुरें होण्यापूर्वींच १६२७ सालीं वारला. पुढें परीक्षेसाठीं ३० खलाशांस जहाजावर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे पळविण्यांत आलें. तीन खेपांतच तें इतकें डोलूं लागलें कीं, आरमाराच्या अधिकाऱ्यानें परीक्षाच थांबविली. जहाज वर जड व खालीं हलकें आहे, हें जाणत्या माणसांस त्या क्षणीं कळलें होतें. पण राजा दूर रणांगणावर, त्यास जहाजाची घाई. ‘हें निघूं नये’ असें म्हणण्यास कोणी पुढें झाला नाहीं.

१० ऑगस्ट १६२८ रोजीं तें राजवाड्याखालून निघालें. कांठावर लोकांची दाटी होती. सलामीसाठीं तोफांचीं दारें उघडीं होतीं. वाऱ्याच्या एका झोतानें जहाज कलंडलें, खालच्या दारांतून पाणी आंत शिरलें, आणि सुमारें १३०० मीटरांच्या प्रवासानंतर, सर्व नगराच्या डोळ्यांदेखत, तें बुडालें. सुमारें ३० माणसें दगावलीं. चौकशी झाली. कप्तान म्हणाला, तोफा नीट बांधलेल्या होत्या. कारागीर म्हणाले, मापें राजानें मंजूर केलीं होतीं. शेवटीं कोणासच शिक्षा झाली नाहीं.

हें ऐकतांना माझे पाय तेथेंच थबकले. तीस वर्षांपूर्वीं मी ज्या शाळेंत होतों, तेथें स्नेहसंमेलनासाठीं रंगमंच उभारला होता. आदल्या संध्याकाळीं त्यावरून फिरतांना एक फळी पायाखालीं लवली. ती धोक्याची आहे, हें मला स्पष्ट कळलें. पण पाहुणे सकाळीं यावयाचे, सर्वत्र धांवपळ. मी बोललों नाहीं. दुसऱ्या दिवशीं ऐन नाटकांत ती फळी मोडली. सातवींतला एक मुलगा खालीं पडून त्याचें उजवें कोपर मोडलें. तो हात पुढें कधीं पुरता सरळ झाला नाहीं. चौकशींत सुतारानें मंडपवाल्याकडे व मंडपवाल्यानें शाळेकडे बोट दाखविलें. आणि मीं ‘मला कांहीं ठाऊक नव्हतें’ असें लिहून देऊन खालीं सही केली.

‘वासा’ ३३३ वर्षें समुद्राच्या तळाशीं राहिलें. बाल्टिकच्या पाण्यांत मीठ कमी. त्यामुळें जहाजें पोखरणारा किडा तेथें जगत नाहीं, म्हणून तें शाबूत राहिलें. १९५६ सालीं आंडर्स फ्रान्सेन यांनीं त्याचा ठाव लावला व २४ एप्रिल १९६१ रोजीं तें पाण्याबाहेर आलें. लांकूड वाळून फुटूं नये म्हणून त्यावर १७ वर्षें रासायनिक द्रव्याचे फवारे मारले. १९९० सालीं हें संग्रहालय उघडलें. जी फजिती दुसऱ्यांनीं बुडालेलीच राहूं दिली असती, ती या लोकांनीं वर काढली, जपली आणि राजधानींत मांडून परक्या पाहुण्यांस दाखविली. आपल्या घरांतून पूर्वजांचे पराक्रम मुलांस पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जातात. त्यांच्या चुका मात्र माजघराबाहेर येत नाहींत. मग मुलांनीं त्याच चुका पुन्हा केल्या, तर नवल तें काय?

परततांना बोटींत मीं त्या फळीची गोष्ट प्रथमच सौ.ला सांगितली. ती बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिली, मग म्हणाली, “मला सांगून काय होणार? ज्याला सांगायची त्याला सांगा.”

तो मुलगा आज चाळिशी ओलांडलेला गृहस्थ आहे. दरवर्षीं दसऱ्यास सोनें देण्यास येतो. उजवा हात पुरता लांब होत नाहीं, म्हणून त्यास डाव्याचा आधार देऊन तो सोनें माझ्या हातीं ठेवितो, आणि “गुरुजी, हात वांकडाच आहे, क्षमा करा” असें दर खेपेस म्हणतो. यंदा तो पायां पडण्यास वांकेल, त्यापूर्वींच त्यास थांबवून मला बोलावयाचें आहे.