विद्यानगरातला ‘अर्थ’

हैदराबादच्या विद्यानगरात, उस्मानिया विद्यापीठाच्या शेजारी, एक मालट्रक उभा दिसला. रातोरात सोलापूर गाठायचे होते. नवे जादा दिवे मात्र मिणमिणत होते. मिस्त्रींनी बल्बला हात लावला नाही. अर्थिंगची तार सोडली, चासीवरचा रंग-गंज घासून ती पुन्हा घट्ट आवळली. लख्ख उजेड! “अर्थ कच्चा था,” ते म्हणाले. विजेची परतीची वाटच अडली होती. मग त्यांनी ड्रायव्हरला बजावले : २४ व्होल्टवर ७० वॅटचे दोन दिवे सुमारे सहा अँपिअर ओढतात, बारीक तारेने थेट स्विचमधून नेले तर तार तापून आग लागेल. रिले हवा, बॅटरीजवळ फ्यूजही हवा.

मराठीत काय, कन्नडात काय, ‘अर्थ’ पक्का हवा. तरच वाट दिसते.