हिरवी फिल्म, लाल सोनं

सोनं लाल असतं, हे मी प्रयोगशाळेत पाहिलं. क्लोरोऑरिक आम्लाच्या उकळत्या, फिकट पिवळ्या द्रावणात सायट्रेट ओतलं की रंग आधी करडा, मग जांभळा आणि शेवटी माणकासारखा लालबुंद होतो. टुर्केविचची ही कृती 1951 सालची. आजही तीच चालते. तयार झालेले कण साधारण पंधरा नॅनोमीटरचे. त्यात मिठाचं पाणी पडलं की कण एकमेकांना चिकटतात, द्रावण निळं पडतं आणि सगळं ओतून द्यावं लागतं.

आमच्या गटाला ग्लुकोजचा बायोसेन्सर करायचा होता. या कामात उतरणारा प्रत्येकजण विलनर यांच्या गटाचा 2003 सालचा शोधनिबंध वाचून भारावतो. त्यांनी 1.4 नॅनोमीटरचा सुवर्णकण थेट ग्लुकोज ऑक्सिडेजच्या गाभ्याशी जोडला. एन्झाइम ऑक्सिजनला सेकंदाला सुमारे 700 इलेक्ट्रॉन देतं; या कणातून ते 5000 पर्यंत वाहू लागले. आमचे कण दसपट मोठे, त्या गाभ्यापर्यंत कुठले पोचणार? म्हणून आम्ही एन्झाइमच्या क्रियेत तयार होणारं हायड्रोजन पेरॉक्साइडच मोजायचं ठरवलं.

खरी मेहनत कण आणि एन्झाइम इलेक्ट्रोडवर धरून ठेवणाऱ्या फिल्मची. ॲनिलीन ताजं ऊर्ध्वपातित केलेलं हवं. बाटलीत राहून तपकिरी झालेलं चालत नाही. आम्लात व्होल्टेज वरखाली फिरवत गेलं की इलेक्ट्रोडवर पॉलिॲनिलीनचा हिरवा थर चढतो. पण ही फिल्म आम्लातच नीट वीज वाहते आणि सेन्सर तर रक्तासारख्या, सातच्या आसपासच्या पीएचला चालायला हवा. त्यावर उतारा म्हणून पॉलिस्टायरीन सल्फोनेट मिसळून फिल्म वाढवली. त्याचे आम्लगट फिल्ममध्येच अडकून राहतात, त्यामुळे ती उदासीन द्रावणातही जिवंत राहते.

फॉस्फेट बफरमध्ये आलेख देखणा आला. ग्लुकोजचा थेंब पडला की करंट पायरीपायरीने वर.

"ॲस्कॉर्बिक आम्ल घालून बघितलंस?" आमच्या मार्गदर्शक बाईंनी विचारलं.

घातलं. ग्लुकोज नसतानाही करंट टुणकन उडाला. अधिक 0.6 व्होल्टला पेरॉक्साइडसारखंच ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे व्हिटॅमिन सीदेखील इलेक्ट्रॉन सोडतं, युरिक आम्लही. रक्तात दोन्ही असतातच.

मग वर नॅफिऑन या पॉलिमरचा थर दिला. तो ऋणभारित, ॲस्कॉर्बेट आणि युरेटही ऋणभारित. ते बाहेर ढकलले जातात. ग्लुकोजवर भार नाही, ते आत शिरतं. शोधनिबंधांच्या शीर्षकात मिरवतं ते सोनं. माझ्या मते अर्धं श्रेय या नॅफिऑनच्या फिल्मचं. अर्थात थर जाड झाला की ग्लुकोजलाही आत यायला वेळ लागतो आणि करंट स्थिरावायची वाट पाहत बसावं लागतं. त्यामुळे पुढची सगळी खटपट नॅफिऑन किती पातळ करून टाकायचं, याचीच होती.