विमा कोणाच्या नावावर?

कंपनीने माझी पुण्याहून बंगळुरूला बदली केली. सामान हलवायचा खर्च कंपनीचा. त्या सामानात अमळनेरहून आणलेलं आईचं शिलाई मशीन होतं. याच मशीनवर ब्लाउज शिवून तिने माझ्या इंजिनिअरिंगची फी भरली. बंगळुरूत खोकं उघडलं तर मशीनचा बिडाचा वरचा भाग तडकलेला. ड्रायव्हरसमोर पोचपावतीवर तसं लिहिलं, फोटो काढले, रात्रीच मेल केला.

एचआर म्हणालं, पॅकर्सशी बोला. पॅकर्स म्हणाले, करार तुमच्या कंपनीशी आहे आणि जुन्या मशीनची किंमत शून्य. बिलात ‘विमा 3 टक्के’ अशी ओळ होती, पण पॉलिसी नंबर कुठेच नव्हता.

पप्पांना फोनवर सांगितलं. त्यांचा पहिला प्रश्न, “पावती कोना नाववर शे?” पीकविम्याने मुरलेला माणूस. गारपिटीने नुकसान झालं की 72 तासांत कळवायचं, हे त्यांना पाठ आहे.

प्रश्न नेमका होता. बिलातली ‘विमा’ ही ओळ म्हणजे पॉलिसी नव्हे. विमा फक्त नोंदणीकृत विमा कंपनीच देऊ शकते. पॉलिसी नसेल तर उरतो 2007 चा रस्ते मालवाहतुकीचा कायदा. सामानाची जास्त किंमत आधी लिहून दिली नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी साधारण भाड्याच्या दहा पटींपर्यंतच. दावा करायच्या आधी लेखी नोटीस लागते, तीही बुकिंगपासून 180 दिवसांत.

आणि बिल कंपनीच्या नावावर असेल तर? 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पैसे भरणाराच नाही, तर त्याच्या संमतीने सेवा घेणाराही ग्राहक असतो. म्हणजे सामान ज्याचं, तोही तक्रार करू शकतो. आपण राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्याच्या आयोगात, दोन वर्षांच्या आत. सेवेचे पैसे 5 लाखांपर्यंत असतील तर फी नाही, वकिलाचीही सक्ती नाही.

माझी नोटीस मुदतीत गेली आहे, उत्तर यायचंय. तुमची बदली झाली, तर ट्रक भरण्याआधी तीन गोष्टी मेलवर मागा: पॉलिसी नंबर, ती कोणाच्या नावावर आहे ते, आणि प्रत्येक वस्तूची लिहिलेली किंमत. “सर, सगळं इन्शुअर्ड आहे” हे वाक्य कुठल्याच आयोगात पुरावा म्हणून लावता येत नाही.