उगाच लावलेले दार

कल्याणहून सकाळची लोकल पकडणाऱ्या कामगाराला आम्ही काय सांगतो ते लगेच कळेल. डब्यात पुरुषाला पुरुषाच्या अंगाचा संकोच नसतो. चौथ्या सीटवर कसाबसा टेकलेला माणूस शेजाऱ्याच्या खांद्यावर मान टाकून झोपतो. ठाणे आले की शेजारीच त्याला हलवतो, "उठा काका, ठाणं आलं." कोणी हसत नाही. त्याच डब्यात आम्हा दोघांची ओळख झाली. तेव्हा दोघेही ठाण्याला उतरत असू.

आम्ही दोघे पुरुष आहोत. एक वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात लेथवर, दुसरा आता डोंबिवली एमआयडीसीत पॅकिंगला. कोळसेवाडीच्या एका खोलीत चौदा वर्षे आमचा संसार चालू आहे. घरमालकाला आणि शेजाऱ्यांना आम्ही मामेभाऊ म्हणून सांगितले. लोकांशी खोटे बोललो ते एक वेळ समजण्यासारखे आहे. पण आम्ही एकमेकांशीही खोटे वागलो, ते आज सांगायचे आहे.

लहानपणी दोघांनाही एकच धडा मिळाला होता. पोरींसारखा रडू नकोस. छाती काढून चाल. आवाज जड कर. आपण समलिंगी आहोत हे कळल्यावर तर हा धडा आम्ही जास्तच पाठ केला. एक उणीव लपवायची म्हणून दुप्पट मर्दपणा दाखवायचा, असा आमचा हिशेब. ओळखीचे विचारायचे, "तुमच्यात नवरा कोण आणि बायको कोण?" आम्ही तो प्रश्न खराच धरला. लेथवरचा नवरा झाला. तो पगार आणी, हुकूम सोडी, आपली भीती कधी बोलून दाखवत नसे. दुसरा भांडी घासी, डबे भरी आणि बोलणी खाई. डब्यात परक्याच्या खांद्यावर झोपणारे आम्ही, घरी एकमेकांच्या पाठीवर हात ठेवायला बिचकत होतो. जवळ येणे फक्त अंधारात. उजेडात मायेने बोललो तर कमीपणा वाटे.

याहून वाईट एक गोष्ट आहे. आमचा एक मित्र होता. नाजूक चालीचा, हातवारे करत बोलणारा. एकदा ठाणे स्टेशनच्या पुलावरून त्याने आम्हाला हाक मारली. सोबत कारखान्यातले लोक होते. आम्ही दोघांनीही तोंड फिरवले. त्याच्यामुळे आपण ओळखू येऊ, ही भीती. तो पुन्हा आमच्या दारी आला नाही.

बाबासाहेबांनी जातीला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. प्रत्येकाला आपल्या खाली कोणीतरी सापडतो, म्हणून ती शिडी कोणी मोडत नाही. हे आम्ही विहारात कितीदा ऐकले असेल! आणि तरी आम्ही आमच्यातच शिडी उभी केली. वर मर्दानी, खाली बायकी. बाई म्हणजे हलकी, हे त्या शिडीचे मूळ. म्हणजे ज्या मनूशी भांडलो, त्यालाच घरात पाट दिला.

बाबासाहेबांचीच आणखी एक गोष्ट आम्हाला फार उशिरा समजली. र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे देत. त्यांत समलिंगी संबंधांबद्दलचे प्रश्नही असत. त्यावरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली मुंबई हायकोर्टात कर्व्यांच्या बाजूने बाबासाहेब उभे राहिले. खटला हरले, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. पण विचारणाऱ्याला शास्त्राने उत्तर मिळाले पाहिजे, ही बाजू त्यांनी मांडली. पुढे ६ सप्टेंबर २०१८ रोजी सुप्रीम कोर्टाने ३७७ कलमातून आमच्यासारख्यांना मोकळे केले, तेव्हा बाबासाहेबांनी घटना समितीत सांगितलेल्या संवैधानिक नैतिकतेचाच आधार घेतला. कायद्याने आमचे दार उघडले. पण मनाची कडी आतून होती.

ती निघाली एका अपघाताने. लेथवर उजव्या हाताची दोन बोटे गेली. पट्टी बांधून घरी आणले त्या रात्री 'नवरा' ढसाढसा रडला. आता काम कोण देईल, म्हणाला. दुसऱ्याने त्याचे डोके मांडीवर घेतले आणि सकाळपर्यंत तसाच बसून राहिला. चौदा वर्षांत आम्ही एकमेकांच्या इतके जवळ कधी आलो नव्हतो.

आठ दिवसांनी आबा आले. मालधक्क्यावर हमाली केलेला, कमी बोलणारा माणूस. आमचे नाते त्यांना कळले होते, पण त्यांनी विषय कधी काढला नव्हता. आमच्यातला एक दुसऱ्याला घास भरवत होता. आबांना बघून त्याने ताट बाजूला सारले. आबा म्हणाले, "भरव की, थांबलास का?" मग थोड्या वेळाने आपल्या लेकाला म्हणाले, "तुझी आई बाळंतीण होती तवा महिनाभर भाकरी मीच थापली. दार लावून थापायचो, गल्लीत कुणी हसू नये म्हणून. आता वाटतं, उगाच लावलं दार."

बंधू-भगिनींनो, आमच्याबद्दल तुमचे मत काय व्हायचे ते होवो. पण घरातला मुलगा रडला तर त्याला पोरीसारखा म्हणू नका. तो पोळी लाटायला बसला तर हसू नका. तो पुढे कोणावर प्रेम करील, हे आज कोणालाच ठाऊक नाही. पण माया कशी करायची, हे तो आजच शिकतो आहे.

त्या मित्राला आम्ही फोन केला. माफी मागितली. तो बराच वेळ गप्प होता. मग एवढेच म्हणाला, "रविवारी येतो. पण स्टेशनवर घ्यायला या, दोघंही."

आम्ही जाणार आहोत.